मागची अर्धी

हुसेननं सिगारेट सोडली मंगळवारी आणि मला कळलं बुधवारी. बावीस वर्षांच्या ओळखीत माणसाला एका दिवसाची सवलत असावी, हे मी मान्य करतो. पण जिच्यात माझा निम्मा वाटा होता ती वस्तू त्यानं परस्पर सोडली, याला काय म्हणायचं ते मला कळत नव्हतं. सामाईक जमिनीत कुणी असं केलं तर तलाठी नोटीस तरी काढतो.

वाटा म्हणजे अक्षरशः वाटा. मी, जयराज, सांगलीतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. कॉलेजच्या फाटकासमोर, माधवनगर रस्त्याला हुसेनचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. उसाला पाणी पाजता पाजता जळलेल्या मोटरी त्याच्याकडे येतात, त्यांच्यातली जुनी तार तो उपसून काढतो आणि नवी गुंडाळतो. माझ्याकडे पुस्तकं येतात आणि कुणी उपसत नाही. त्यामुळं सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाच या वेळा दोघांनाही सोयीच्या होत्या. नाथाजीच्या टपरीवर दोन कटिंग आणि एक सिगारेट. पुढची अर्धी हुसेनची, मागची अर्धी माझी.

हा प्रकार सुरू झाला तेव्हा दोघांचीही नवी लग्नं झालेली होती आणि दोघांनाही घरी 'मी सिगारेट ओढत नाही' असं सांगायचं होतं. अर्धीच ओढली की ते निदान अर्धं खरं होतं. पुढं दोनाच्या चार आणि चाराच्या आठ झाल्या, पण डॉक्टरांनी विचारलं की आम्ही दोघंही 'चार' म्हणायचो, आणि डॉक्टर 'कमी करा' म्हणायचे, आणि आम्हाला वाटायचं, केलेल्याच आहेत.

सांगायची गोष्ट म्हणजे, या बावीस वर्षांत मी एकदाही सिगारेट पेटवली नाही. ते खातं हुसेनचं. माझ्या हातात ती यायची तेव्हा पहिला कडू झुरका होऊन गेलेला असायचा, आणि टोक त्याच्या ओठांनी जरा चपटं झालेलं असायचं. मला वाटायचं सिगारेट तशीच असते.

तर बुधवारी अकराला मी टपरीवर गेलो. हुसेन आधीच उभा होता. एका हातात चहा, दुसरा हात खिशात.

"लाव की," मी म्हणालो.

"मी वडत न्हाई."

"का? कोण गेलं का?"

"कोण न्हाई गेलं. मी वडत न्हाई."

दोन्ही वेळा त्याचा सूर अगदी एकसारखा होता. पाढा म्हणावा तसा. मी नाथाजीकडं बघितलं. नाथाजीनं गाळणीकडं बघितलं.

मग हुसेननं सांगितलं. मागच्या महिन्यात कृष्णेच्या काठावर जॅकवेलमधली, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीतली, मोटर काढायला तो उतरला होता. वर येताना बेचाळीस पायऱ्या. "चारदा बसलो गड्या. वरनं तो शेतकरी म्हणतोय, मिस्त्री, मोटर ऱ्हाऊ द्या, आदी तुमचंच रिवायंडिंग करून घ्या." हुसेन हसला, पण हसता हसता खोकला. मग समीनानं, त्याच्या मुलीनं, कुठूनसा एक कागद आणला. दर रविवारी दहा वाजता, एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात, सिगारेट-बिडी-तंबाखू सोडणाऱ्यांचा गट बसतो. शिवांजली मॅडम तो घेतात. हुसेन तीन रविवार गुपचूप जाऊन आला होता.

"मॅडम ओढायच्या का आधी?"

"न्हाई. अठ्ठावीस वर्साच्या हायत्या. त्यांनी बडीशेप सोडून कशाचं व्यसन केलं नसंल."

"मग त्या काय शिकवणार?"

"कुस्तीचा पंच पैलवानच लागतो व्हय?"

मॅडमनी दोन गोष्टी शिकवल्या होत्या. पहिली, 'मी सोडतोय' असं म्हणायचं नाही. सोडतोय म्हणणारा माणूस रोज सकाळी उठून सोडत बसतो. 'मी ओढत नाही' म्हणायचं. एकदा तसा माणूस झालात की सोडायला काही उरत नाही. दुसरी गोष्ट, प्रत्येकाला एक जोडीदार. तलफ आली की त्याला फोन करायचा. तलफ पाच-सात मिनिटं राहते. तेवढा वेळ बोलत राहायचं.

"जोडीदार?" मी म्हणालो. "कोण?"

त्याच वेळी त्याचा फोन वाजला. "सुभेदारसाहेब!" हुसेन म्हणाला, आणि चहा तसाच ठेवून दुकानाच्या पायरीकडं गेला. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. माझा फोन आला की तो 'बोल' म्हणतो.

सुभेदार वीरधवल, सैन्यातून निवृत्त. सांगलीजवळच्या एका कारखान्यावर सुरक्षा अधिकारी, घर साताऱ्याच्या पलीकडं एका खेड्यात. आठ महिन्यांपासून न ओढणारे. सहा फूट उंची, पांढऱ्या मिशा, आणि बोलताना समोरच्याला 'शाब्बास' म्हणायची सवय. हे सगळं मला हुसेनकडूनच कळलं, कारण त्यानंतर तो दुसरं बोलेचना. साहेब म्हणतात पहाटे उठून चालावं. साहेब म्हणतात खिशात लवंग ठेवावी. साहेबांनी उणे चाळीसमध्ये दिवस काढले. मी म्हणालो, उणे चाळीसमध्ये सिगारेट पेटत तरी कशी होती. हुसेन म्हणाला, विचारतो साहेबांना.

एकदा मी दुकानात बसलो असताना फोन आला. हुसेन आतल्या खोलीत गेला, जिथं तो गुंडाळलेल्या मोटरींना वार्निश लावतो. मी कान देत नव्हतो. कान तिकडंच होते.

"आब्बा माधवनगरच्या मिलमधी मागावर हुते, साहेब," तो म्हणत होता. "शेवटाला बोलता यीना. दोन बोटं अशी वटाला लावून दाखवायचे. डॉक्टर न्हाई म्हनला हुता. मीच बिडी पेटवून दिली. तीन झुरकं मारलं आनि झोपले. मला अजून वाटतं..." पुढचं ऐकू आलं नाही.

हुसेनचे वडील गेले तेव्हा मी होतो. खांदा दिला, माती दिली. चाळीस दिवस झाल्यावर जेवायलाही गेलो होतो. बिडीचं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी मनातल्या मनात बावीस वर्षांच्या टपरीवरच्या गप्पा काढून बघितल्या. लोडशेडिंग. उसाचा दर. आमचे तीन प्राचार्य, क्रमानं. महापुराचं पाणी कुठवर आलं होतं, यावर दर पावसाळ्यात तोच वाद. बिडी कुठंच नव्हती. आणि ज्या माणसाला उणे चाळीसची सवय, त्याला ती दीड महिन्यात मिळाली.

घरी जाऊन मी बायकोला, दीपमालाला, हे सांगितलं. म्हणजे सुभेदाराचं सांगितलं, बिडीचं नाही. ती शेंगा सोलत होती.

"तुम्हाला सवत आली की हो," ती म्हणाली.

"काहीतरीच."

"काहीतरीच कसं? रोज नाव काढता. मिशा किती लांब तेपण सांगून झालं." आणि तिनं सोललेला दाणा तोंडात टाकला. "आता तुम्हीपण सोडा. आयती संधी आहे."

मी सोडली नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. दोघांनी धरलेली गोष्ट एकानं सोडली तर दुसऱ्यानं ती पडू द्यायची का? फक्त अडचण अशी की आता ती अख्खी माझ्याकडं आली. नाथाजीच्या टपरीला दोरीनं लायटर टांगलेला आहे. मी पहिल्यांदा पेटवायला गेलो तेव्हा उजवीकडची मिशी थोडी जळाली. आणि पुढच्या अर्धीचं काय करायचं तेच कळेना. एक झुरका मारून बघितला तर कागद जळल्यासारखा. शेवटी मी ती हातात धरून नुसता उभा राहायचो. निम्म्यापर्यंत जळून यायची, मग सुरू करायचो.

"सर," नाथाजी एकदा म्हणाला, "तुमी हिला निवद दावताय व्हय?"

हुसेन शेजारीच चहा पीत उभा असायचा. वारा कुठून येतो ते बघून मी जागा घ्यायचो, म्हणजे धूर त्याच्याकडं जावा. तो फक्त खिशातून लवंग काढायचा. एकदा मी पाकीटच त्याच्या दुकानात, तार गुंडाळायच्या टेबलावर, 'विसरून' आलो. दुसऱ्या दिवशी त्यानं ते परत आणून दिलं. दहाच्या दहा जागेवर.

"तुजी ऱ्हायली हुती."

"एखादी घ्यायची होतीस."

"साहेबांना इचारलं. ते म्हनले, रागवू नको, परत कर."

म्हणजे माझ्या पाकिटाचाही निकाल कारखान्यावरून लागला होता.

पाचव्या आठवड्यात मी गटात नाव घातलं. उद्देश स्वच्छ होता. सुभेदार कारखान्यावर आणि मी फाटकासमोर, तेव्हा हुसेनचा जोडीदार म्हणून मीच सोयीचा. चित्रकलेच्या वर्गात लहान मुलांच्या बाकांवर चौदा मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. भिंतीवर कुणीतरी 'माझी शाळा' काढलेली, तीत शाळेपेक्षा झेंडा मोठा. मी उभा राहून 'मी ओढत नाही' म्हणालो. शर्टाला वास येत होता. हुसेननं टाळ्या वाजवल्या, आणि त्या खऱ्या होत्या, हे जास्त वाईट वाटलं.

मग मी शिवांजली मॅडमना जोडीचं विचारलं.

"नाही सर," त्या म्हणाल्या. "जे एकत्र ओढायचे त्यांची जोडी आम्ही लावत नाही. एकाला तलफ आली की दुसऱ्याला पण येते. तुम्ही एकमेकांसाठी सगळ्यात धोक्याचे."

बावीस वर्षांनी कुणीतरी आमच्या मैत्रीची अधिकृत नोंद घेतली ती अशी.

माझ्या वाट्याला तात्याबा आले. वय एकाहत्तर. गूळ बाजारात चाळीस वर्षं हमाली केलेली, तीस-तीस किलोचे गुळाचे रवे पाठीवरून वाहिलेले. दिवसाला दोन बंडल बिड्या होत्या, त्या त्यांनी एका झटक्यात बंद केल्या होत्या आणि आता दिवसभर करायला काही नव्हतं. ते मला ग्रंथालयात फोन करायचे.

"मास्तर, आवं लय तलफ आलीया. कायतरी बोला."

मी मास्तर नाही हे मी दोनदा सांगितलं होतं. मग मी ग्रंथालयाच्या मागच्या जिन्यात जायचो, सिगारेट पेटवायचो, आणि तात्याबांना धीर द्यायचो. "धरून ठेवा तात्याबा," मी म्हणायचो, आणि झुरका घ्यायचो, "पाचच मिनिटांचा खेळ आहे." आणि धूर सोडायचो.

"तुमाला येती का हो तलफ?"

"नाही. मला येतच नाही आता."

"लय कडक गडी तुमी," तात्याबा म्हणायचे, आणि मग काळ्या गुळाचा आणि पिवळ्या गुळाचा फरक सांगायला लागायचे. पाच मिनिटांची तलफ चाळीस मिनिटं चालायची. एका फोनला मला तीन लागायच्या. अख्ख्या. गट सोडणाऱ्यांचा होता, आणि माझी संख्या दुप्पट झाली होती.

हे दोन महिने चाललं. मग हुसेनचे शंभर दिवस झाले आणि सुभेदारानं पुढच्या रविवारी त्याला घरी जेवायला बोलावलं. हुसेन म्हणाला, तूपण चल. मी म्हणालो, मला काम आहे. तो म्हणाला, साहेबांनी तुजं नाव घेऊन बोलावलंय. त्यामुळं मी गेलो. घरी बघितल्याशिवाय माणसाचं खरं-खोटं कळत नाही, हा माझा अनुभव आहे, आणि मला खोटं बघायचं होतं.

हुसेनच्या ओम्नीत वार्निशचा वास येतो. मागं दोन मोटरी होत्या, त्या वळणावर एकमेकींना हाक मारायच्या. कऱ्हाड गेलं, उंब्रज गेलं, हुसेन साहेबांचं सांगत होता. सातारा ओलांडून आम्ही खेड्यात पोचलो तर साहेब दारात उभे. मिशा दिसायला बऱ्या होत्या. तेवढ्या लांब नव्हत्या.

"शाब्बास!" ते हुसेनला म्हणाले आणि त्याला मिठी मारली. मला हात मिळवला.

जेवण चांगलं होतं, हे मला मान्य करावं लागलं. वहिनींनी हुसेनसाठी मुद्दाम खीर केली होती. पण साहेब स्वतः नीट जेवले नाहीत. भाकरी चिवडत बसले आणि मध्येच उठून गेले. हुसेन वहिनींना पाण्याच्या मोटरीबद्दल काही सांगत होता. मी हात धुवायला मागं गेलो.

गोठ्याच्या पलीकडं, कडब्याच्या गंजीच्या सावलीत, एका हिरव्या पत्र्याच्या पेटीवर सुभेदार वीरधवल बसले होते आणि सिगारेट ओढत होते.

मी खरं सांगतो, मला झालेला आनंद मी लपवला नाही. लपवायला वेळच नव्हता. अकरा महिने! लवंग! पहाटे चालणं! आता फक्त हुसेनला हाक मारायची होती. शंभर दिवस, साहेबांचा धाक, 'मी वडत न्हाई', सगळं गंजीमागं संपलं असतं, आणि उद्या अकराला मला माझी अर्धी परत मिळाली असती.

साहेब दचकले नाहीत. "या," म्हणाले. "बसा."

मी उभाच राहिलो.

"सकाळी फोन आला. आमच्या पलटणीतला दिलावर गेला. विट्याचा. वर पोस्टवर आम्ही दोघं एका सिगारेटीत भागवायचो. काडी मिळत नव्हती. पुढची अर्धी माझी, मागची त्याची." त्यांनी हातातल्या सिगारेटकडं बघितलं. ती बरोबर निम्म्यावर आली होती. "माझी ओढून झाली. आता ही टाकवत नाही."

मग त्यांनी ती माझ्यापुढं धरली.

"तुम्ही घ्या. हुसेनभाई म्हणाले होते, तुम्ही मागची घेता."

"हुसेन माझं काही बोलतो?"

"रोज. मी विचारलं त्यांना, तलफ नक्की कशाची येते? म्हणाले, साहेब, सिगारेटची नाही येत. अकरा वाजायची येते."

बघा. हेही त्यालाच सांगितलं.

सिगारेट माझ्यासमोर होती. पेटलेली, निम्मी, टोकाला चपटी. शंभर दिवसांत अशी मिळाली नव्हती. पण ती एका मेलेल्या माणसाची होती आणि दिली होती दुसऱ्याच्या जोडीदारानं. असल्या बाबतीत मी जुन्या वळणाचा आहे.

"मी ओढत नाही," मी म्हणालो.

साहेबांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं, मग ती मातीत खोचली, उदबत्ती खोचावी तशी. तिथंच जळत ठेवली.

मी हुसेनला सांगायचं की नाही ते ठरवत होतो, पण निघताना ओम्नीपाशी साहेबांनी स्वतःच सांगून टाकलं. ताठ उभे राहून. "हुसेनभाई, आज एक ओढली. अर्धी. जयराजसाहेब साक्षीदार आहेत. उद्यापासून पुन्हा पहिला दिवस." हुसेन 'बरं साहेब' म्हणाला आणि गाडी चालू केली.

कऱ्हाडपर्यंत मागच्या मोटरी तेवढ्या बोलत होत्या.

"त्यांचा मित्र गेला रे," मी म्हणालो. सुभेदाराची बाजू घ्यायची पाळी माझ्यावर यावी, याची नोंद व्हावी.

"ठाव हाय." थोड्या वेळानं म्हणाला, "ते मिल्ट्रीतलं मानूस. त्यांचं हे, तर मी कोन? तार गुंडाळनारा."

फोन वाजला. साहेबांचा होता. हुसेननं तो वाजू दिला. पुन्हा वाजला. मग त्यानं तो पालथा घातला.

पेठ नाक्याला त्यानं गाडी बाजूला घेतली. टपरीवर गेला आणि परत आला तेव्हा हातात एक सुटी सिगारेट आणि काडेपेटी होती. ओम्नीच्या दाराला टेकून उभा राहिला. दुपारचे चार वाजले असतील, उसाच्या ट्रॉल्या जात होत्या. त्यानं सिगारेट ओठात धरली आणि काडी बाहेर काढली.

"चल गड्या," तो म्हणाला. "अर्दी-अर्दी."

याच दोन शब्दांसाठी मी शंभर दिवस वाऱ्याची दिशा बघत होतो. माझा हात आपोआप वर आला, दोन बोटं जरा फाकलेली, मागच्या अर्धीसाठी असतात तशी. आणि मग माझ्या लक्षात आलं की ही सिगारेट माझ्यासाठी नाहीच. ही साहेबांच्या दुःखात आहे. साहेब टिकले असते तर मी काय, मागच्या सीटवरची मोटर. त्याच्या रुसव्यात उरलेला वाटा मी का घ्यायचा? बावीस वर्षं मागची घेतली ती त्याची होती म्हणून. सुभेदाराची उष्टी घेणार नाही.

"थांब," मी म्हणालो. "मला एक फोन करायचाय."

"आता?"

"तलफ आलीय. जोडीदाराला करतो."

हुसेनच्या हातात काडी तशीच राहिली. मी तात्याबांना फोन लावला. ट्रॉल्यांच्या आवाजात ऐकू येईना म्हणून स्पीकर लावला.

"तात्याबा, मला तलफ आलीय. काहीतरी बोला."

"तुमाला? तुमी तर म्हनला हुता, येतच न्हाई."

"खोटं बोललो."

"ते ठाव हाय की."

"काय ठाऊक आहे?"

"आवं मास्तर, फोनवर वडल्यालं ऐकू येतंया. धरून ठेवा म्हनायचं, आनि मदीच सुस्स. पाचच मिनटं म्हनायचं, आनि फूऽऽ. चाळीस वर्सं बिड्या वडल्या मी, मला कळंना व्हय?"

हुसेन माझ्याकडं बघत होता. मी उसाकडं बघत होतो.

"मग मला फोन कशाला करत होता?"

"मला काय तलफ न्हाई आता म्हैना झाला. पर तुमी फोनवर हाय तवर एक संपली की दुसरी लावायला जरा येळ लागतोय तुमाला. मी मोजतुया. पैल्यांदा चार हुयाच्या, आता तीन हुत्यात." तात्याबा थांबले. "आता कितवी हाय हातात?"

"एकपण नाही."

"आँ? मग आज खरंच तलफ आलीया. बरं, ऐका. काळ्या गुळाचं सांगितलं हुतं न्हवं? आता पिवळ्याचं ऐका. गुऱ्हाळाला जो गुळव्या असतो, त्यो रसात भेंडीचं पानी टाकतो..."

मी ऐकलं. भेंडीच्या पाण्यानं मळी वर येते. ती काढली नाही तर गूळ काळा पडतो, आणि पुढं बराच काही इतिहास आहे. अकरा मिनिटं झाली. मध्ये एकदा मी 'हो का' म्हणून हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं. हुसेन ऐकतोय म्हणून हसलो.

फोन ठेवला तेव्हा हुसेनच्या ओठातली सिगारेट हातात आली होती आणि काडी काडेपेटीत गेली होती. त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

"कोन ह्यो तात्याबा?" तो म्हणाला.

"बघितलायस की. गटातला. मागच्या बाकावर बसतो."

"ते ठाव हाय. पर रोज बोलता?"

"रोज."

"किती येळ?"

"पाऊण तास," मी म्हणालो. पाच मिनिटं वाढवली. "कधी तासभर."

"मला बोल्ला न्हाईस कधी."

"तू तरी बिडीचं कुठं बोललास?"

काय बिडी, कुणाची, असं काही त्यानं विचारलं नाही. मग सिगारेट घेऊन परत टपरीवर गेला. टपरीवाला म्हणाला सुटी परत घेत नाही. हुसेन म्हणाला, पैशे नकोत, ठिव नुसती. टपरीवाल्याला यातलं काही कळलं नाही, पण त्यानं ठेवली.

गाडीत बसल्यावर हुसेननं पालथा फोन सुलटा केला आणि साहेबांना लावला. "व्हय साहेब," म्हणाला. "न्हाई साहेब. घेतली हुती, लावली न्हाई. तुमी जेवलासा का?" दोनच मिनिटं बोलला. मी खिडकीबाहेर बघत होतो, तरी दोन मिनिटं मोजली. तात्याबांची अकरा होती.

इस्लामपूर मागं पडल्यावर त्यानं विचारलं, "उद्या अकराला येनार न्हवं? नुसत्या च्याला?"

"अकराला तात्याबांचा फोन असतो," मी म्हणालो. तसा तो बाराला असतो.

हुसेननं गिअर बदलला. गरज नव्हती, रस्ता सरळ होता. मागं दोन्ही मोटरी एकदम वाजल्या.

"मग टपरीवनंच बोल की," तो म्हणाला. "आमी काय नको म्हनतोय व्हय?"